मागच्या खोलीचं नाव काढायचं नाही

फेब्रुवारीतल्या एका सकाळी अकराच्या सुमारास मधुसूदनराव मोहगावकर आपल्या मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये, मागच्या खोलीच्या फरशीवर उताणे पडलेले यमुताईंना दिसले. हात दोन्ही बाजूंना सरळ, डोळे उघडे आणि नजर छताला. यमुताईंच्या हातातली पोह्यांची बशी खाली पडली नाही, ती केवळ अडतीस वर्षांच्या संसाराच्या सरावामुळे.

"अहो! काय झालं? बोलून काहून नाही राहिले?"

"बघून राहिलो," मधुसूदनराव म्हणाले.

"काय?"

"छत. तू कधी पाहिलं का आपलं छत? फार वाईट आहे."

यमुताईंनी वर पाहिलं. छत त्यांना छतासारखंच दिसलं. त्यांनी पोहे टेबलावर ठेवले आणि रक्तदाबाची गोळी घेतली की नाही तेवढं विचारून त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

मधुसूदनरावांनी सरकारी मोजणी खात्यात चौतीस वर्षं काढली होती. जागेवर स्वतः उभं राहिल्याशिवाय नकाशावर सही करायची नाही, हा त्यांचा नोकरीतला बाणा. आता ज्या व्यक्तीसाठी ही खोली तयार करायची होती ती व्यक्ती उभी राहणारी नव्हती, बसणारीही नव्हती, नुसती पडून राहणार होती. मग आपणही पडूनच पाहायला नको का? त्यांना तरी यात काही वावगं वाटलं नाही.

तर गोष्ट अशी की, घरात एप्रिलमध्ये बाळ यायचं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सून अबोली सातवा संपताच रामटेकला गेली. जायच्या आदल्या दिवशी तिनं सासऱ्यांना मोबाइलवर एक फोटो दाखवला. कुठल्याशा देशातली बाळाची खोली होती. फिकट राखाडी भिंती, छतावर पांढरे ढग, एका भिंतीवर जिराफांचा कागद आणि मधोमध लाकडी खाट. "किती एलिगंट आहे ना, बाबा?" एवढंच म्हणून ती बॅग भरायला गेली. मागितलं तिनं काहीच नव्हतं. पण एलिगंट या विषयावर मधुसूदनरावांचं मत आजवर कोणी विचारलेलंच नव्हतं, त्यामुळे तो फोटो त्यांच्या डोक्यात जो बसला तो बसलाच.

त्यात डोहाळेजेवणाच्या पंगतीत विहीणबाईंनी, म्हणजे अबोलीच्या आईनं, रुख्मिणीबाईंनी जाहीर करून टाकलं होतं, "उन्हाळाभर पोरगी न् लेकरू आमच्याकडंच राहू द्या. तुमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. नवतप्यात लेकराचा पापड होईन तिथं. पाऊस लागला का पाठवतो." नवतपा म्हणजे मेअखेरचे ते नऊ दिवस, ज्यांत नागपूरकर माणूस भरदुपारी घराबाहेर पडला तर लोक त्याच्या घरी सगळं ठीक आहे ना, अशी चौकशी करतात. यमुताईंनी मान डोलावली. पंगतीतल्या सगळ्यांनी डोलावली. मधुसूदनराव मात्र श्रीखंडाच्या वाटीत बघत एप्रिल ते जुलैचे दिवस मोजत बसले.

तीन महिन्यांनी असं काय बिघडतं, असं कोणीही म्हणेल. मधुसूदनरावांचं एकदा बिघडलं होतं. अनिश जन्मला तेव्हा ते तिकडे गडचिरोलीच्या टोकाला, सिरोंच्याला मोजणीवर होते, आणि स्वतःचा मुलगा त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो थेट सहा महिन्यांचा. त्यांना बघून पोरानं असं काही भोकाड पसरलं की शेजारणी धावत आल्या. पुढे बोलायला लागल्यावर शिपायाचं ऐकून ऐकून तो वर्षभर बापाला "साहेब" म्हणायचा. सगळे हसत, मधुसूदनरावही हसत. पण त्यांना ते लागलं होतं आणि अजून लागत होतं. नातवंडाच्या बाबतीत ही चूक पुन्हा व्हायला नको होती. बाळ सव्वा महिन्याचं झालं की मेच्या मध्यालाच घरी यायला हवं होतं, आणि त्यासाठी मागची खोली अशी व्हायला हवी होती की विहीणबाईंना बोट ठेवायला जागाच राहू नये.

रामटेक काही लांब नाही. बसनं दीड तास. मग आजोबांनीच उठून तिकडे जावं, बाळाला बघावं, हे सगळ्यात सोपं. पण मुलाच्या बापानं व्याह्यांच्या घरी बोलावल्याशिवाय जायचं नसतं. बोलावलं तरी जेवून संध्याकाळी परतायचं असतं. आणि मुक्काम? मुक्काम हा शब्दच मधुसूदनरावांच्या घराण्यात त्या संदर्भात कोणी उच्चारला नव्हता. त्यांचे वडील तर व्याह्यांकडे पाणीसुद्धा उभ्यानंच पीत.

खोली करायची तर खरी, पण यमुताई आडव्या आल्या. बाळ यायच्या आधी बाळासाठी घरात काही म्हणजे काही आणायचं नाही, असा त्यांचा नियम. झबलं नाही, टोपरं नाही, पाळण्याचं तर नावच नको. शिवाय गर्भारशीच्या घरात खिळाही ठोकायचा नाही.

"गर्भारशी सध्या रामटेक तालुक्यात आहे," मधुसूदनराव म्हणाले. "आपल्या हद्दीत नाही."

या मुद्द्यावर यमुताईंनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता त्यांनी निकाल दिला.

"रंग द्या. नाही तरी सात वर्षं झाली रंग देऊन. पण कोणासाठी, काहून, हे तोंडातून काढायचं नाही. कोणासमोरच नाही. माझ्यासमोरही नाही."

असा करार झाला. त्या दिवसापासून त्या खोलीचं नाव "मागची खोली" एवढंच राहिलं आणि तिच्यात जे काही होत होतं ते उगीच होत होतं.

रंगाला भैय्याजी आला. भैय्याजी म्हणजे साठीच्या घरातला जुना कसबी रंगारी. बोलायला मोकळा. राखाडी रंगाचं कार्ड त्यानं उजेडात धरलं, उलटं धरलं, मग मधुसूदनरावांकडे काळजीनं पाहिलं.

"हा तं शिमिटाचा कलर हाय साहेब. पलस्तर झालं का भित्त अशीच रायते. मंग रंग कायले देता?"

"एलिगंट आहे तो."

"असन," भैय्याजी म्हणाला. "आन् वरतं?"

"वर ढग."

"ढग! झोपते कोन इथं?"

"कोणी नाही."

"मंग ढग कोन पाहन?"

करार मोडल्याशिवाय याला उत्तर नव्हतं. मधुसूदनरावांनी खिडकीची काच बोटानं पुसली. मग म्हणाले, "ढगांना बघणारा लागतोच असं आहे का?"

भैय्याजीनं ब्रश हातात घेऊन यावर विचार केला. "नाई, थे बराबर हाय," तो म्हणाला आणि शिडीवर चढला.

भैय्याजीनं आजवर ढग काढले होते ते रसवंतीच्या पाट्यांवर. तिथे ढगाखाली डोंगर असतो, डोंगराआडून सूर्य येतो आणि पुढे बैल. नुसता ढग, ज्याच्याखाली काहीच नाही, असा त्यानं कधी काढला नव्हता. पहिला ढग झाल्यावर तो खाली उतरला. मधुसूदनराव फरशीवर आडवे झालेच होते. त्यांनी शेजारची जागा हातानं दाखवली. भैय्याजीही आडवा झाला. दोघं बराच वेळ वर बघत राहिले.

"साहेब, हे तं फुलकोबी झाली," भैय्याजी म्हणाला.

"थोडी झाली."

फुलकोबी पुसली गेली. दुसऱ्या खेपेला ढग मेंढीसारखा झाला, तिसऱ्या खेपेला बरा. चौथ्या दिवशी भैय्याजी पडल्या पडल्या एकदम म्हणाला, "लहान लेकरू असन तं थे खिडकीतलं..." मधुसूदनरावांनी झटकन ओठांवर बोट ठेवलं आणि स्वयंपाकघराकडे डोळ्यांनी खूण केली. भैय्याजीच्या सगळं ध्यानात आलं. त्याच्याही घरी सुना होत्या. त्यानंतर तो मोठ्या आदरानं बोलू लागला. "ज्याइचं नाव घ्याचं नाई, त्याइच्या डोयावर इथून ऊन येते साहेब. पडदा पायजे."

छत पूर्ण झालं त्याच आठवड्यात मधुसूदनरावांना एका मासिकात कुणा बालरोगतज्ज्ञाचा लेख सापडला. नवजात बाळाला साधारण पंचवीस सेंटिमीटरपर्यंतचंच नीट दिसतं, असं त्यात लिहिलं होतं. त्यापुढे सगळं धुकं. मधुसूदनरावांनी तो लेख दोनदा वाचला, मग टेप घेऊन फरशी ते छत अंतर मोजलं. नऊ फूट सहा इंच. सगळेच्या सगळे ढग हद्दीबाहेर गेले होते.

"मंग त्याइले दिसते तरी काय?" भैय्याजीनं विचारलं. त्यालाही आता या प्रकरणाचं कुतूहल लागलं होतं.

"जो उचलून घेईल त्याचं तोंड. तेवढंच."

"मंग तोंडालेच रंग द्या लागते साहेब," भैय्याजी म्हणाला आणि डबे आवरायला लागला.

मधुसूदनराव हसले नाहीत. ते न्हाणीघरात जाऊन आरशासमोर, पंचवीस सेंटिमीटरवर, आपलं तोंड बघत उभे राहिले. भुवया जास्त वाटल्या. त्यांनी कात्रीनं त्या थोड्या कापल्या, डावी जरा अधिक कापली गेली, आणि पुढचे दोन-तीन महिने ते सारखे कशाचं तरी नवल करत असल्यासारखे दिसत होते.

हे सगळं समोरच्या फ्लॅटमधल्या पुष्पलताबाई पाहत होत्या. त्या मनानं चांगल्या, पण एखादी गोष्ट समजली नाही तर त्यांना अन्न गोड लागत नसे. "काय वं यमुताई, काय करून राहिले भाऊजी त्या खोलीत?" त्यांनी विचारलं. "काही नाही, उगीच," यमुताई म्हणाल्या. नागपूरमध्ये कोणी उगीच काही करत नाही, निदान मार्चमध्ये तर नाहीच. सून आणि बाळ तर पाऊस लागल्यावरच येणार हे डोहाळेजेवणातच ठरलं होतं, तेव्हा पुष्पलताबाईंनी आधी भाडेकरूचा संशय घेतला, मग ध्यानधारणेचा वर्ग निघतो की काय असं त्यांना वाटलं. पण भाऊजी भरदिवसा फरशीवर एकटे पडलेले असतात, छताकडे बघतात, भुवयाही कापून घेतल्यात, हे स्वतः डोळ्यांनी पाहिल्यावर चित्र स्वच्छ झालं. नवराबायकोचं बिनसलं होतं आणि भाऊजींनी मागच्या खोलीत वेगळं बिऱ्हाड थाटलं होतं.

दोन दिवसांत ही बातमी तळमजल्यावर पोचली. दूध आणताना एक गृहस्थ मधुसूदनरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जाऊ द्या हो, या वयात आपणच दोन पावलं मागे घ्यायची." धरमपेठेतली यमुताईंची मावसबहीण फोनवर रडली. आणि पुष्पलताबाईंनी कोथिंबिरीचं सारण भरलेली सांबारवडी पाठवली ती दोन डब्यांत. एक ताईंसाठी, एक भाऊजींसाठी. मधुसूदनरावांना खरं सांगता येईना आणि खोटं सहन होईना. अडतीस वर्षांत आपण या बाईशी भांडून एकदाही जिंकलो नाही, आणि लोकांना वाटतं आपण वेगळं बिऱ्हाड करण्याइतकं भांडलो, याचा त्यांना मनापासून अपमान वाटला. सांबारवडी मात्र दोघांनी एकाच ताटात घेऊन खाल्ली.

रंग झाला तरी खोली तापत होतीच. मार्च संपता संपता मधुसूदनरावांनी खाट जेवढ्या उंचीची येणार होती तेवढ्या उंचीवर तापमापक टांगला आणि दर तासाला वहीत आकडा टिपू लागले. दुपारी तीनला अडतीस. खिडकीला मोठा कूलर लावल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पण कूलरचं लोखंडी स्टँड इमारतीच्या बाहेरच्या भिंतीला लावायचं तर सोसायटीची परवानगी हवी आणि परवानगीसाठी अर्ज. सोसायटीचे सचिव नागसेन मेश्राम हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. स्वभावानं शांत. अर्जातला एकही रकाना ते रिकामा सोडू देत नसत.

"प्रयोजन" या रकान्यात मधुसूदनरावांनी "थंडावा" असं लिहिलं.

"थंडावा तर सगळ्यांनाच पाहिजे," नागसेन म्हणाले. "तुमच्याकडे दोन कूलर आधीच आहेत, मोहगावकर साहेब. तिसरा कोणासाठी? आणि हे बघा, कुटुंबातल्या व्यक्तींची संख्या लिहायची राहिली."

मधुसूदनरावांनी पेन उचललं आणि ते तसंच धरून बसले. आपण, यमुताई, अनिश आणि अबोली मिळून चार. पाच लिहावं तर ते अजून जन्मलेलंच नाही, आणि सरकारी काय की खाजगी काय, खोटी नोंद त्यांनी आयुष्यात केली नव्हती. शिवाय यमुताईंची तोंडबंदी लेखी मजकुराला लागू होते की नाही, हेही स्पष्ट नव्हतं. चार लिहावं तर तिसरा कूलर मिळत नाही. शेवटी त्यांनी सावकाश लिहिलं, "चार (तूर्त)."

नागसेननी तो शब्द चष्मा वर करून वाचला. मग मधुसूदनरावांच्या तोंडाकडे, भुवयांकडे पाहिलं.

"तूर्त," ते म्हणाले.

"तूर्त."

"ठीक आहे. मी काही विचारलं नाही आणि तुम्ही काही सांगितलं नाही." त्यांनी सही केली, शिक्का मारला आणि अर्ज परत देताना हळूच पुसलं, "एप्रिल का?" मधुसूदनरावांनी उठताना त्यांचा हात जरा जास्तच वेळ दाबला. संपूर्ण इमारतीत खोलीचं खरं कारण एकाच माणसाला कळलं आणि त्यानं ते कुणाला सांगितलं नाही.

सहा एप्रिलला मुलगी झाली. फोन ठेवताच तोंडबंदी उठली. यमुताईंनी कपाट उघडून जुन्या सुती लुगड्यांची स्वतः शिवलेली अकरा दुपटी बाहेर काढली. "हे कधी शिवलं?" मधुसूदनरावांनी विचारलं. "आणलं कुठं काही? घरातलंच तर आहे," यमुताई म्हणाल्या. मोजणी खात्यात राहूनही हा मुद्दा आपल्याला सुचला नाही, हे मधुसूदनरावांना कबूल करावं लागलं.

बारशाला रीतसर बोलावणं आलं. मधुसूदनराव ठेवणीतला सदरा घालून रामटेकला गेले. बायकांनी पाळण्याभोवती जो गराडा घातला तो शेवटपर्यंत हलला नाही. नाव ठेवलं वेदिका. पुरुषमंडळी ओसरीवर पानं खात बसली होती. तिथून मधुसूदनरावांना एक कपाळ दिसलं, आणि तेही आठ फुटांवरून. विहीणबाईंनी आग्रहानं वाढलं, नारळ दिला, शेला दिला. परतताना बसमध्ये त्यांनी मनाशी ताडून पाहिलं. आठ फूट म्हणजे जवळजवळ दोनशे पंचेचाळीस सेंटिमीटर. वेदिकेच्या बाजूनं पाहिलं तर तिचे आजोबा बारशाला आलेच नव्हते.

आता उरले होते फक्त जिराफ. बंदी उठल्यावर खाट आली होती, आता अनिशनं वॉलपेपर ऑनलाइन मागवला आणि तो लावायला एक तरुण कारागीर बोलावला. उरलेले डबे न्यायला भैय्याजी आला तेव्हा जिराफ भिंतीवर चढले होते. सहा जिराफ होते आणि सगळ्यांच्या माना एकाच बाजूला होत्या. भैय्याजीनं कागद बोटानं दाबून पाहिला. "कूलर कुठं लागन साहेब?" "समोरच, खिडकीत." "बरं," म्हणून भैय्याजीनं चहा पिऊन घेतला आणि डबे उचलून तो गेला. या "बरं"चा मधुसूदनरावांनी तेव्हा विचार केला नाही.

सतरा मेला रुख्मिणीबाई खोली बघायला आल्या. "पहिले म्या पाहतो, मंग पोरीले पाठवायचं का नाई ते ठरवू," असा त्यांचा निरोप होता. मधुसूदनरावांनी सकाळी सहापासून कूलर सोडून ठेवला. नव्या वाळ्याच्या ताट्या लावल्या होत्या, खोलीभर गार वास पसरला होता. बाहेर चव्वेचाळीस, तापमापकावर अठ्ठावीस. रुख्मिणीबाई आत आल्या, थबकल्या आणि त्यांनी पदर खांद्यावर नीट घेतला.

"मोठं गार आहे वं यमुताई," त्या म्हणाल्या.

मधुसूदनरावांची छाती फुलली. त्यांनी खुर्ची पुढे केली, ती नेमकी जिराफांच्या भिंतीला लागून. यमुताईंनी पन्हं आणलं. रुख्मिणीबाईंनी ढगांकडे पाहिलं, पडदा हातानं चाचपला, खाट हलवून पाहिली. सगळं रीतसर चाललं होतं. आणि मग मधुसूदनरावांना दिसलं की डावीकडच्या पहिल्या जिराफानं मान खाली घातली आहे.

सकाळपासून कूलरची ओली हवा त्या भिंतीवर आदळत होती. कागदाचा वरचा कोपरा सुटून पुढे झुकला होता. मधुसूदनराव सहज म्हणून उठले, भिंतीपाशी गेले आणि बोलता बोलता उजव्या तळव्यानं तो कोपरा दाबून उभे राहिले. "मग, यंदा धानाचं बियाणं घेतलं का?" त्यांनी विचारलं. रुख्मिणीबाई सांगू लागल्या. एवढ्यात दुसरा जिराफ सुटला. तो त्यांनी डाव्या हातानं धरला. तिसऱ्यासाठी त्यांनी पाठ टेकवली. आता ते दोन्ही हात पसरून भिंतीला चिकटून उभे होते आणि धानावर मान डोलावत होते. यमुताईंनी डोळे मिटून घेतले. चौथा, पाचवा आणि सहावा जिराफ एकदमच आले. ओला, गार, गोंदाचा तो सबंध कागद सावकाश खाली आला आणि रुख्मिणीबाईंच्या डोक्यावर, खांद्यांवर आणि पन्ह्याच्या पेल्यावर पसरला.

यमुताईंनी डोळे उघडले. मग कागदाखालून रुख्मिणीबाईंचा शांत आवाज आला.

"जुलैत पाठवतो."

त्यांना बाहेर काढलं, केसांतला गोंद पुसला, दुसरं पन्हं दिलं. त्या रागावल्या नव्हत्या, उलट हसत होत्या, आणि म्हणूनच मधुसूदनरावांना जास्त लागलं. रागावलेल्या माणसाशी वाद घालता येतो.

"पण व्याहीबुवा, येवढा खटाटोप काहून?" रुख्मिणीबाईंनी विचारलं. त्यांना खरोखरच कळत नव्हतं. "लेकरू काय कुठं पळून चाललं? दोन महिन्यांनी येईनच ना तुमच्या घरी."

मधुसूदनरावांच्या उजव्या तळव्याला अजून जिराफाचा एक तुकडा चिकटलेला होता. तो सोलत सोलत ते म्हणाले, "तिला पंचवीस सेंटिमीटरपर्यंतच दिसतं. आता थोडं वाढलं असेल. जुलैपर्यंत तिला सगळं दिसायला लागेल, सगळी माणसं तिच्या ओळखीची होतील. त्यात मी नसेन. मी नंतर येणारा कोणीतरी असेन. मला ते नको आहे."

तुकडा सुटून खाली पडला. मग मधुसूदनरावांनी असं काही विचारलं, जे मोहगावकर घराण्यात आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"मी येऊ का तुमच्याकडे? राहायला?"

"अहो!" यमुताई एवढंच म्हणू शकल्या.

रुख्मिणीबाईंनी पेला खाली ठेवला. मुलीचा सासरा माहेरी राहायला येतो म्हणजे नेमकं काय करायचं असतं, त्याला कुठं बसवायचं, रोज शेला द्यायचा की एकदाच, याचा कुठलाच अनुभव त्यांच्या गाठीला नव्हता.

"राहायला म्हणजे... किती दिवस?"

"तुम्ही हाकलाल तोवर."

"पण आमच्याकडं तुमच्या जोगा पलंग नाही हो."

"मला फरशीची सवय झाली आहे," मधुसूदनराव म्हणाले, आणि ते अगदी खरं होतं.

रुख्मिणीबाईंनी यमुताईंकडे पाहिलं. यमुताईंनी ओल्या भिंतीकडे, मग नवऱ्याच्या वाकड्या भुवयांकडे पाहिलं. त्या आत गेल्या आणि चार मिनिटांनी नवऱ्याची रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी आणून विहीणबाईंच्या हातात दिली. "सकाळी एक, जेवणानंतर. विचारल्याशिवाय घेत नाहीत," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मधुसूदनराव बॅग घेऊन जिना उतरायला निघाले तेव्हा पुष्पलताबाई दारातच होत्या. बॅग पाहून त्यांचे डोळे भरून आले. "भाऊजी, एकदा विचार करा हो," त्या म्हणाल्या. आता खरं सांगायला काहीच हरकत नव्हती. पण व्याह्यांकडे मुक्कामाला चाललो, हे सांगण्यापेक्षा बायकोला सोडून चाललो, असं लोकांना वाटलेलं मधुसूदनरावांना अधिक बरं वाटलं. ते गंभीर चेहऱ्यानं हात जोडून पुढे गेले.

रामटेकला ते उन्हं कलता कलता पोचले. रुख्मिणीबाईंनी ओसरीवर दिवाण टाकून वर नवी चादर घातली होती आणि लाडवांचं ताट भरून ठेवलं होतं. मधुसूदनराव संकोचून काठावर बसले, अर्धा लाडू खाल्ला, पाणी बसून प्याले. मग आतून अबोलीनं हाक मारली, "बाबा, उठली बघा ती. या."

मधल्या खोलीत सतरंजीवर यमुताईंच्या दुपट्यात वेदिका होती. मधुसूदनराव तिच्या शेजारी आडवे झाले, कुशीवर वळले आणि मध्ये हाताची वीत धरून त्यांनी अंतर बेतलं. दारात रुख्मिणीबाई तोंडावर पदर धरून उभ्या होत्या. व्याही, आणि फरशीवर! वेदिका पंख्याकडे बघत होती. मधुसूदनराव वाट बघत राहिले. बोलायचं त्यांनी बसमध्ये पाठ केलं होतं, आपलं नाव, नातं, आधी न येता आल्याबद्दल थोडं काही. त्यातलं एकही आठवेना. चष्म्याच्या काचांत पंखा फिरताना तिला दिसत असेल असं वाटून त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला.

दहा वर्षांचे असल्यापासून त्यांना लांबचं दिसण्यासाठी चष्मा होता, आता उणे चार नंबरचा. तो काढताच छत गेलं, पंखा गेला, अबोली गेली आणि दारातल्या विहीणबाई म्हणजे एक हिरवा ठिपका उरला. स्पष्ट दिसत होतं ते वीतभर अंतरावरचं तेवढं. नाकावरचे बारीक पांढरे दाणे, हनुवटीला सुकलेलं दूध, डाव्या पापणीला पडलेली घडी. ती घडी हलली. वेदिकेनं पंख्यावरची नजर काढली आणि त्यांच्या तोंडाकडे वळवली. कपाळाला आठी घालून ती बघत राहिली, फार वेळ, इकडे तिकडे न बघता.

"एवढंच दिसतं का गं तुला?" मधुसूदनरावांनी हळूच विचारलं. "मलाही."